काच लावू नका

फ्रेम साधीच करा. लाकूड तुम्हाला बरं वाटेल ते घ्या. फक्त काच लावू नका. आईने तुम्हाला माप घ्यायला बोलावलं तेव्हा हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

वीज गेली आहे, ती येईपर्यंत तुम्हाला माप घेता येणार नाही. बसा. दिवा तुमच्या बाजूला सरकवून घ्या. चित्र माझ्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलंय, कापडाखाली. मी असाच बसतो, त्याच्याकडे पाठ करून. राग मानू नका, तुमचा काही संबंध नाही त्यात. कापड तुम्ही काढणारच आहात, तर काढण्याआधी ऐकून घ्या. चहा घ्या तोवर.

चित्र माझ्या ताईने काढलेलं आहे. ती चित्रकार होती. मी गिलाव्याचं काम करतो, लोकांच्या भिंती सारख्या करतो. शाळा मला मानवली नाही. पाटी फोडली, मास्तरांशी भांडलो, एक दिवस दप्तर तिथेच टाकून आलो ते परत आणायलाही गेलो नाही. ताई म्हणायची, आईने सगळी अक्कल मला देऊन टाकली आणि तुझ्या वेळी डबा उपडा करून दाखवला.

ती तापाने गेली. आधी साधा ताप होता, मग दवाखाना झाला, मग एका सकाळी डॉक्टर बाहेर आले. मी तेव्हा वॉर्डाबाहेरच्या भिंतीशी उभा होतो. त्या भिंतीचा गिलावा फुगला होता, मी बोटाने ठोकून बघत होतो. डॉक्टरांनी सांगितलं. मी मान हलवली आणि पुन्हा भिंत ठोकली. आत पोकळ होती. त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं. रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल. आलं नाही.

मग तिची खोली रिकामी करायची होती. ती काम करायची ती खोली आमच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे, शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या दुकानाच्या वर आहे. काकूंचा भाचा राहायला येणार होता. "घाई नाही रे," त्या म्हणाल्या, "पण लवकर कर." म्हणून मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून घेतल्या आणि दुपारी गेलो.

हे आधीच सांगतो, जे झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं. ताई दिव्याच्या उजेडात कधी काम करायची नाही. दिव्यात रंग खोटं बोलतात म्हणायची. खिडकीतला उजेड उतरला की ब्रश पुसून ठेवायची, मग हातातलं काम कितीही रंगात आलेलं असो.

कुलूप काढलं. जवसाच्या तेलाचा वास, टर्पेंटाइनचा वास, आणि त्याच्या खाली पेपरमिंटचा. काम करताना तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी असायची. विचारात पडली की गोळी दातांवर आपटायची, कट, कट. मी गोणी पसरली, टेबलावरच्या नळ्या आत टाकायला लागलो. खोलीच्या मधोमध तिची घोडी होती. ती त्याला ईझल म्हणायची. आम्ही ज्यावर फळी टाकून उभे राहतो ती घोडी आणि ही चित्राची घोडी यात मला फरक दिसला नाही. घोडीवर चित्र होतं.

तिची कामाची पद्धत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिच्याकडे एक लाकडी चौकट होती. रिकामी, नुसते आडवे-उभे दोरे ताणलेले. जे काढायचं त्याच्यापुढे ती चौकट उभी करायची आणि दोऱ्यांमधून बघायची. कॅनव्हासवर पेन्सिलीने तेवढ्याच चौकटी आखायच्या, सरळ रेघेसाठी माझा ओळंबासुद्धा पळवायची. मग या चौकटीतलं त्या चौकटीत. एक चौकट रंगवून झाली की तिच्या रेघा खोडायच्या, मग पुढची. दिवस दिवस चालायचं. तिचा हात कधी चुकला नाही. आणि तेच तिला आवडायचं नाही.

"मी एकटीने काढलं की बरोबर येतं," ती म्हणायची. "नुसतं बरोबर. बघणारा मान हलवतो आणि पुढे जातो."

म्हणून चित्र होत आलं की ती मला बोलवायची. मी कामावरून तसाच जायचो, अंगावर सिमेंट.

"ये धसमुसळ्या. तुझं काम आलंय."

"कुठे मारू?"

"विचारलंस की फुकट गेलं. मार."

रंग तिने कालवून ठेवलेला असायचा. माझ्यासाठी वेगळा रुंद ब्रश होता, भिंतीचाच. थापीवरून माल भिंतीवर फेकतो तसा मनगटाला झटका देऊन मी रंग मारायचो. ती तेव्हा खिडकीकडे तोंड करायची. तिचा चेहरा बघून मी अंदाज बांधेन अशी तिला भीती. एक फटकारा, बस. तो तिच्या इतक्या दिवसांच्या कामावर धपकन पडायचा, कधी कोणाच्या नाकावर, कधी आभाळात. पहिल्या वेळी मला वाटलं आता ही मला मारणार. तिने वळून पाहिलं आणि हसायला लागली.

"मूर्ख आहे रे तुझा हात. मला असा एक मिळाला असता तर."

मग जागा बदलायची. मी स्टुलावर बसायचो, खिडकीकडे तोंड करून, चित्राकडे पाठ. ती माझ्या मागे कामाला लागायची. फटकारा पुसायचा नाही, असा तिचा नियम. पुसला तर ती जिंकली, मग खेळ कशाला. त्याचं काहीतरी करायचं. एकदा तिने त्याचा पडदा केला, एकदा पळणारं मांजर, एकदा आईची चिडलेली मान. आणि माझ्यासाठी नियम, मागे बघायचं नाही. "बघितलंस तर ब्रश डोळ्यात खुपसेन." मी बडबडायचो, मिस्त्रीच्या नकला करायचो, आणि मागे ब्रशचे केस कॅनव्हासवर घासल्याचा आवाज यायचा. मध्येच डब्याच्या काठावर ब्रश आपटायची, टक, टक. मध्येच गोळी, कट. माझ्या आयुष्यात मी कुठे गप्प बसलो असेन तर त्या स्टुलावर, तिचं काम जमत आलेलं असताना.

तर त्या दुपारी घोडीवर जे चित्र होतं, ते त्याच खोलीचं होतं. खिडकी, टेबल, मधोमध स्टूल, रिकामं. सगळं पुरं झालं होतं. फक्त स्टुलाच्या वरची जागा कोरी होती आणि त्यावर पेन्सिलीच्या चौकटी होत्या. टेबलावर डबा. डब्यात राखाडी निळा रंग, वर साय धरलेली. डब्यावर माझा ब्रश आडवा ठेवलेला.

दवाखान्यात ती मला म्हणाली होती, "रंग कालवून ठेवलाय. सुकायच्या आत ये." मी हो म्हणालो होतो.

मी सायीत बोट घातलं. खाली रंग ओला होता.

मग जे केलं ते करताना मी बघितलं नाही. ब्रश बुडवला आणि मारला. रंग स्टुलाच्या वर आडवा बसला, जाड, आणि ओघळायला लागला. मी ब्रश ठेवला, स्टूल ओढलं आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. बसल्यावर मला कळलं की मी बसलोय.

खाली काकूंचं मशीन चालू होतं. ते थांबलं की गल्लीतली सायकल ऐकू यायची. पुन्हा मशीन. पुन्हा थांबलं. आणि त्या थांबण्यात मागून ब्रश घासल्याचा आवाज आला.

मी वळलो नाही. शूर आहे म्हणून नाही. सवय होती म्हणून. आवाज घाईचा नव्हता. थोडा वेळ घासायचा, थोडा वेळ काहीच नाही, मग डब्याच्या काठावर टक, टक. टर्पेंटाइनचा वास ताजा झाला, नुकतं बूच काढल्यासारखा.

मी हळूच म्हटलं, "ताई..."

ब्रश थांबला. मशीनही थांबलेलं होतं. मग पुन्हा घासायला लागला. मी परत बोललो नाही.

उजेड उतरला आणि आवाज बंद झाला. मी उठलो, वळलो. खोलीत कोणी नव्हतं. माझ्या फटकाऱ्याचा डावा खांदा झाला होता. खांदा आणि कोपरापर्यंत हात, पाठीमागून बघितलेला. शर्टावर सिमेंटचे डाग. टेबलावर तिचा बारीक ब्रश धुऊन, फडक्याला पुसून, केस वर करून उभा केलेला होता.

तुम्ही विचाराल, भीती वाटली का. वाटायला हवी होती. मी कुलूप लावलं, घरी गेलो, आईने वाढलं ते जेवलो. आई माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे. झोपताना डाव्या कुशीवर वळलो तेव्हा खांद्याखाली उशी आहे की नाही हे कळेना. हाताने चाचपून बघितलं. होती.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानाच्या दारात उभ्या होत्या, तोंडात टाचण्या.

"काल वर तू होतास का रे?"

"उजेड होता तोवर होतो."

"तेच. टकटक ऐकली." त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. "बरं वाटलं. त्या तालावर माझं मशीन चालायचं. आता शिवण वाकडी जाते आणि गिऱ्हाइकं मला म्हातारी म्हणतात."

"काकू, भाच्याला जरा थांबवाल?"

"तो थांबेल. तो नुसता घोरतो, घोरायला कुठेही जागा मिळते." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू जेवतोस ना नीट?"

मी हो म्हटलं आणि वर गेलो.

आता मला ताई हवी होती. रोज हवी होती. म्हणून मी डोकं चालवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. मी विचार केला की फटकारा लांब मारावा, वरच्या कोपऱ्यात, म्हणजे तिथपासून इथपर्यंत जुळवायला तिला पुष्कळ दिवस लागतील. नेम धरून मारला. बसलो. काकूंचं मशीन थांबलं, चाललं, थांबलं. मागे काही नाही. उजेड उतरेपर्यंत बसलो. वळून बघितलं तर माझा ठिपका कोपऱ्यात तसाच, पाखराने घाण केल्यासारखा.

पुढच्या दिवशी डोळे मिटून मारला. नंतर डाव्या हाताने मारला. मग राग आल्याचं सोंग करून मारला. खोली गप्प. मुद्दाम मूर्ख होता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आधी मी मारायचो तेव्हा मला काही नको असायचं. घरी जाऊन जेवायचं, एवढंच. आता मला काहीतरी हवं होतं आणि हाताला ते माहीत झालं होतं. हात शहाणा झाला होता. आणि शहाणा हात तिच्याकडे तिचा स्वतःचा होता, माझा कशाला हवा.

मी हरलो. गोणी घेतली आणि टेबलाचा खण ओतायला लागलो. रबर, टोकं काढलेल्या पेन्सिली, चिंध्या, आणि एक पेपरमिंटचा कागद, नीट घडी घातलेला. उघडला तर आत अर्धी चघळलेली गोळी. उद्यासाठी ठेवलेली. काम थांबवताना तोंडातली गोळी काढून ती अशी कागदात ठेवायची, मी तिला घाणेरडी म्हणायचो.

ब्रश कधी उचलला माहीत नाही. कुठे मारला माहीत नाही. स्टुलावर बसलो तेव्हा कागद मुठीतच होता. आणि मागे ब्रश घासायला लागला. थोड्या वेळाने दातावर गोळी आपटली. कट.

मी मूठ उघडली. कागद रिकामा होता.

त्यानंतर मी जातच राहिलो. कधी जमायचं, कधी नाही. कामावर खाडे पडायला लागले. चित्रातला माणूस वाढत गेला. उजवा खांदा, पाठ, कमर, स्टुलावर टेकलेलं बूड. वर कोपऱ्यातला तो ठिपकासुद्धा तिने वाया घालवला नव्हता, त्याची माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर पडलेली सावली केली होती.

एकदा कामावर बांबूच्या परांचीवरून उतरत होतो, तेव्हा मिस्त्री माझ्या मागून ओरडला.

"अरे, पाठीत खिळा घुसलाय तुझ्या."

"कुठे?"

"कुठे काय विचारतोस. शर्ट लाल झालाय." त्याने पकडीने उपसला. "निदान काढताना तरी ओरड. मलाच कसंतरी होतंय."

मला कुठे काय लागलंय तेच कळत नव्हतं. मिस्त्रीने जखमेवर हळद दाबली, तीही झोंबली नाही. तो म्हणाला, घरातलं माणूस गेलं की असं होतं, वर्षभर काही लागत नाही. मलाही तेच पटलं. सिमेंटने आमचे हात तसेही बधीर असतात. माणूस गेल्यावर बाकीचं अंगही होत असेल.

मग आई म्हणाली, केस काप, भूत दिसतोस. म्हणून न्हाव्याकडे गेलो. त्याने मान वाकवली आणि कात्री थांबवली.

"मानेवर रेघा कोणी आखल्या?"

"कसल्या?"

त्याने मागून छोटा आरसा धरला. कॉलरपासून केसांपर्यंत पेन्सिलीच्या चौकटी होत्या. आडव्या, उभ्या, सारख्या. एकही रेघ हललेली नव्हती.

"झोपेत मस्करी केली तुझी कोणीतरी," तो म्हणाला. ओल्या टॉवेलने पुसलं. गेल्या नाहीत. साबण लावला. मग त्याने कॉलर ओढून आत बघितलं. "खाली नाहीत. कॉलरपाशीच संपतात."

टॉवेल मानेला थंड लागत होता. त्याची बोटं कॉलरच्या आत, पाठीवर होती. ती मला लागत नव्हती.

रंगवून झालेल्या चौकटीच्या रेघा ती खोडायची.

अर्धे केस कापलेले तसाच उठलो आणि खोलीवर गेलो. दुपार होती. दोऱ्यांची ती लाकडी चौकट मी भिंतीला टेकवून ठेवली होती. आता ती स्टुलाच्या मागे उभी होती, बसलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर. चित्रातला माणूस कॉलरपर्यंत झाला होता. वर कोरं, आणि कोऱ्यावर चौकटी.

एक फटकारा राहिला होता. टेबलावर डबा, डब्यावर माझा ब्रश.

मला सगळं समजलं होतं आणि समजून काही वाटत नव्हतं. फटकारा मारला तर ती येईल. मान करेल, केस करेल, मग खाली कोपऱ्यात सही करेल. सही झालेल्या चित्राकडे ती परत कधी बघत नसे. नाही मारला, तर येणारच नाही. माझं काय होईल हा विचार मी केला असं वाटतं का तुम्हाला? तिची गोळी एकदा ऐकायला मिळाली तरी पुरे होती. ब्रश माझ्या हातात होता, हात वर गेला होता, आणि तो फटकारा खरा होता. मी काही ठरवलं नव्हतं.

तेवढ्यात चित्राच्या कोपऱ्यावर एक सावली हलली आणि मी मान वळवली.

आई माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता. शर्ट मुठीत धरला होता तिने.

"कधीची हात ठेवून उभी आहे," ती म्हणाली. "हाका मारतेय. वळत का नाहीस..."

मला तिची बोटं दिसत होती. पांढरी पडलेली, इतकी घट्ट. लागत नव्हती.

"काकू म्हणाल्या तू रोज इथे असतोस. मला वाटलं सामान भरतोयस." मग तिने चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. कोणी काढलं असं विचारलं नाही.

"तिचा हात आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू आहेस."

"हो."

ती पुढे गेली. मी म्हटलं, "आई, रंग ओला आहे." तिने ऐकलं नाही. दवाखान्यात ताईच्या कपाळावर ठेवायची तसा पालथा हात तिने आधी चित्रातल्या खांद्याला लावला, मग तळवा ठेवला. आणि पाठीवरून हळूहळू खाली फिरवला.

मला लागला. तळव्याची उष्णता लागली. अंगठ्यावरची तिची जुनी चीर शर्टाला अडकते, ती अडकलेली लागली. ती माझ्यापासून हातभर लांब उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मी खाली बसलो. दवाखान्यातल्या त्या सकाळपासून आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

आईने वळून माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, लहान पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसा. "घरी चल," म्हणाली. एवढंच. मागे खोलीत काही वाजलं नाही. पण जिना उतरताना आई थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "तिला सांग, बास आता." कसं सांगायचं असतं ते.

चित्र आम्ही घरी आणलं. ब्रश आईने चुलीत घातला, डबा काकूंच्या मागच्या गटारात ओतला. भाचा तिथे राहतो आता, घोरतो, त्याचं बरं चाललंय. रोज संध्याकाळी आई कापडाचा कोपरा उचलते आणि पाठीवर हात ठेवते. मी कुठेही असलो, कामावर, रस्त्यात, तरी कळतं. मानेखाली दिवसातून तेवढंच मला काही लागतं. म्हणून म्हटलं, काच लावू नका. इतके महिने झाले, रंग अजून सुकलेला नाही. आईच्या हाताला लागतही नाही.

आणि मान माझी आहे. तेवढी राहिली आहे. वारा लागतो, कॉलर घासते, तुमच्या दिव्याची धगसुद्धा थोडी लागते. ती जपतो मी. थापीने माल फेकत नाही आता, हळूहळू लावतो, लावून दाबतो. मिस्त्री म्हणतो तुझा हात म्हातारा झाला. सगळे चहाचा गाळ दाराबाहेर भिरकावतात, मी पिऊन टाकतो. डास बसला तर बघतो, ठरवतो, मग उठवतो. विचार केल्याशिवाय हात हलवायचा नाही. ब्रश जळला, रंग ओतला, पण मूर्ख हाताला ब्रश कुठे लागतो. काही भिरकावलं, की झालं. ती वाट बघतेय. तिला घाई कधीच नव्हती.

मानेचं हे आईला मी सांगितलेलं नाही. ती आत झोपली आहे, जरा हळू बोलू.

तर माप घ्या, पण कापड काढताना... थांबा, दिव्यावरचा किडा पडला माझ्या चहात. श्शी, ओठाला लागला.

हं. काय सांगत होतो. कापड काढताना मानेकडच्या भागाला हात...

काय झालं? तुम्ही माझ्या मागे काय बघताय?

उडाला का चहा कापडावर? माझं लक्ष नव्हतं. हात आपोआप मागे झटकला...

नाही, सांगू नका. कुठे पडला ते सांगू नका. मी वळणार नाही.

टकटक तुमच्या कपाची ना, दिव्यात ती काम करत नाही... कप तर खाली ठेवलाय तुम्ही.

हे बघा, जाऊ नका. माझं एक काम करा. दिवा जरा उचला आणि माझ्या मागे या. चित्राकडे बघू नका, माझ्याकडे बघा. माझ्या मानेवर हात ठेवा. कॉलरच्या वर, केसांच्या खाली. नीट ठेवा, दाबून.

ठेवलात का?